कॉन्स्टेबल कीथ ब्लेकलॉक खून खटला आणि वर्णतणाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ ऑक्टोबर १९८५ च्या रात्री उत्तर लंडनमधील टॉटनम भागात, ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीत उसळलेल्या दंगलीत कीथ ब्लेकलॉक या पोलीस कॉन्स्टेबलचा जमावाने खून केला. या खुनासाठी १९८७ मध्ये तिघांना जन्मठेप झाली, १९९१ मध्ये ती रद्द झाली आणि २०१४ मध्ये आणखी एका आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. ब्रिटनमधील पोलीस, न्यायालये आणि कृष्णवर्णीय समाज यांच्या परस्परसंबंधांविषयी या प्रकरणाइतके सांगणारे दुसरे प्रकरण क्वचितच सापडेल. मराठीत त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून वाचकांच्या मनात सहज येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

दंगलीला निमित्त काय झाले?

५ ऑक्टोबर १९८५ रोजी पोलिसांनी फ्लॉइड जॅरेट या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या मोटारीचा कर भरल्याच्या चकतीवरील संशयावरून अडवले, ताब्यात घेतले आणि त्याच्याकडील किल्ल्यांनी दार उघडून त्याच्या आईच्या घराची झडती घेतली. झडती चालू असतानाच सिंथिया जॅरेट या ४९ वर्षांच्या गृहिणी कोसळल्या आणि हृदय बंद पडून त्यांचा मृत्यू झाला. पोलिसाने आईला ढकलले असे त्यांच्या मुलीचे म्हणणे होते आणि संबंधित पोलिसाने ते नाकारले. झडतीत चोरीचा कोणताही माल सापडला नाही.

ही घटना एकटी घडली असती, तर कदाचित प्रकरण निदर्शनांवर निभावले असते. पण त्याच्या अवघ्या एक आठवडा आधी, २८ सप्टेंबरला, दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन येथे पोलीस चेरी ग्रोस यांच्या घरी त्यांच्या मुलाच्या शोधात शिरले होते आणि पोलिसाच्या गोळीने त्या कायमच्या अपंग झाल्या होत्या. आठ दिवसांत दोन कृष्णवर्णीय माता आपापल्या घरात पोलिसी कारवाईच्या बळी ठरल्या, ही भावना टॉटनममध्ये घरोघरी होती. दुसऱ्या दिवशी टॉटनम पोलीस ठाण्यासमोर निदर्शने झाली आणि संध्याकाळी वसाहतीच्या तोंडाशी दंगल पेटली.

ब्लेकलॉक यांचा मृत्यू कसा झाला?

कीथ ब्लेकलॉक ४० वर्षांचे होते. ते मस्वेल हिल भागात गस्त घालणारे, लोकांच्या ओळखीचे पोलीस होते आणि त्यांना तीन मुले होती. त्या रात्री टँगमिअर या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील सुपरमार्केटला आग लागली. आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांना संरक्षण देण्यासाठी सार्जंट डेव्हिड पेंगेली यांच्या हाताखालची एक छोटी तुकडी पाठवण्यात आली, आणि ब्लेकलॉक तिच्यात होते. सुऱ्या, कोयते आणि काठ्या घेतलेला जमाव चालून आल्यावर जवान आणि पोलीस जिन्याने खाली पळाले. ब्लेकलॉक पाय अडखळून पडले आणि जमावाने त्यांना घेरले. त्यांच्या अंगावर चाळीसच्या आसपास जखमा होत्या. त्यांचे सहकारी रिचर्ड कूम्स हेही गंभीर जखमी झाले. पेंगेली यांनी एकट्याने जमावावर चाल करून दोघांना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, त्यासाठी त्यांना पुढे जॉर्ज पदक मिळाले. ब्रिटनमध्ये दंगलीत पोलीस कॉन्स्टेबल मारला जाण्याची घटना १८३३ नंतर प्रथमच घडत होती.

पुढे तपासावर आणि खटल्यावर कितीही टीका केली, तरी त्या जिन्याच्या पायथ्याशी जे घडले ते निर्घृण होते. आग विझवणाऱ्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या माणसाला घेरून मारण्याचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या आधारे करता येत नाही.

पोलीस आणि वसाहत यांचे संबंध आधीपासूनच बिघडलेले होते का?

होय, आणि कारणे वसाहतीपुरती मर्यादित नव्हती. १८२४ च्या भटकेपणाविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस केवळ संशयावरून रस्त्यात कोणालाही अटक करत. या अधिकाराचा वापर कृष्णवर्णीय तरुणांवर इतका एकांगी झाला की १९८१ मध्ये ती तरतूद रद्द करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनला मोठी दंगल झाली आणि लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या वागणुकीवर आणि वस्त्यांमधील बेकारीवर बोट ठेवले.

ब्रॉडवॉटर फार्म ही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधायला घेतलेली, हजारावर घरांची सरकारी वसाहत. खालून वाहणाऱ्या ओढ्याच्या पुराच्या भीतीने इमारती खांबांवर उभ्या केल्या होत्या आणि एका इमारतीतून दुसरीत जाण्यासाठी वरच्या वर मार्ग काढले होते. रहिवाशांत कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते, पण गोरी, तुर्की आणि सायप्रसची कुटुंबेही होती. १९८१ पासून रहिवाशांनीच युवक संघटना उभी करून वसाहतीची स्थिती बरीच सुधारली होती, आणि दंगलीच्या वर्षीच फेब्रुवारीत राजकुमारी डायना यांनी तेथे भेट दिली होती. ही बाजू दंगलीनंतरच्या बातम्यांमध्ये शोधूनही सापडत नसे.

तपासात काय चुकले?

तपासाची सुरुवातच रिकाम्या हाताने झाली. हल्लेखोरांपैकी अनेकांनी चेहरे झाकलेले होते, अंधार होता, घटनास्थळ तातडीने सुरक्षित केले गेले नाही आणि खुनाशी कोणाही व्यक्तीला जोडणारा भौतिक पुरावा हाती लागला नाही. डिटेक्टिव्ह चीफ सुपरिंटेंडंट ग्रॅहॅम मेल्विन यांच्याकडे तपास होता आणि निकाल लवकर दाखवण्याचा दबाव अफाट होता. मग तपासाची दिशा बदलली. पुराव्यावरून माणसापर्यंत जाण्याऐवजी वसाहतीतील माणसे उचलून त्यांच्या तोंडून पुरावा मिळवण्याचे ठरले. साडेतीनशेहून अधिक लोकांना अटक झाली, घरांची दारे फोडली गेली आणि बहुतेकांची चौकशी वकिलाच्या अनुपस्थितीत झाली.

अटकेतील व्यक्तीच्या हक्कांची सविस्तर चौकट घालून देणारा १९८४ चा पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा संमत झालेला होता, मात्र त्यातील मुख्य तरतुदी जानेवारी १९८६ पासून लागू होणार होत्या. सुरुवातीच्या बहुसंख्य चौकशा त्याआधीच्या तीन महिन्यांत उरकल्या गेल्या.

१९८७ च्या खटल्यात आरोपी कोण होते आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता?

जानेवारी १९८७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यायमूर्ती हॉजसन यांच्यासमोर सहा जणांवर खटला सुरू झाला. त्यांत विन्स्टन सिलकॉट, एंगिन रघीप आणि मार्क ब्रेथवेट हे तीन प्रौढ आणि तीन अल्पवयीन मुले होती. अल्पवयीनांपैकी एक तेरा वर्षांचा होता. त्याला तीन दिवस अंतर्वस्त्रांवर, एका ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवून, पालक आणि वकील यांच्याविना प्रश्न विचारण्यात आले होते. न्यायमूर्तींनी पोलिसांच्या या वागणुकीवर कठोर ताशेरे ओढले आणि मुलांवरील आरोप काढून टाकले.

उरलेल्या तिघांविरुद्ध त्यांच्या कथित शब्दांखेरीज ठोस काही नव्हते. ना प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, ना छायाचित्र, ना रक्ताचा डाग, ना हत्यार. रघीप १९ वर्षांचा होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याची बौद्धिक पातळी लहान मुलाइतकी होती, हे पुढे मानसशास्त्रीय तपासणीत स्पष्ट झाले. १८ वर्षांच्या ब्रेथवेटला बंद जागेची तीव्र भीती होती आणि त्याला कोठडीत ठेवून त्याची चौकशी झाली. दोघांनाही सुरुवातीला वकील मिळू दिला गेला नाही. सिलकॉटने तर कबुलीही दिलेली नव्हती. त्याच्या पाचव्या चौकशीत तो, माझ्याविरुद्ध कोणी साक्ष देणार नाही, अशा अर्थाचे काही बोलला, असे पोलिसांनी हाताने लिहिलेल्या टिपणात म्हटले होते. त्या टिपणावर त्याची सही नव्हती, आणि आपण असे बोललोच नाही हे त्याचे म्हणणे पहिल्यापासून होते.

ज्युरीने तीन दिवस विचार करून १९ मार्च १९८७ रोजी तिघांना दोषी ठरवले. तिघांनाही जन्मठेप झाली आणि सिलकॉटने किमान तीस वर्षे तुरुंगात काढावीत, अशी शिफारस न्यायमूर्तींनी केली.

रघीप तुर्की सायप्रस वंशाचा होता, मग या खटल्याला वर्णाचा रंग कसा आला?

हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण उत्तरातून तणावाचे खरे स्वरूप कळते. संशयाच्या केंद्रस्थानी एक वसाहत होती. ‘ब्रॉडवॉटर फार्म’ हे नाव त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांत ‘काळ्या गुन्हेगारांची वस्ती’ या अर्थाने वापरले जाऊ लागले होते आणि तेथे वावरणारा माणूस कोणत्याही वंशाचा असला तरी त्या अर्थाच्या कक्षेत येत होता. रघीपला त्या कक्षेत ओढले गेले. कॅरिबियन बेटावरून आलेल्या आईबापांचा मुलगा असलेला, अंगापिंडाने धिप्पाड, वसाहतीत भाजीपाल्याचे दुकान चालवणारा आणि पोलिसांना उलट उत्तर देणारा सिलकॉट मात्र त्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी ठेवला गेला.

वृत्तपत्रांची भूमिका कशी होती?

अत्यंत वाईट. खपावर चालणाऱ्या वृत्तपत्रांनी सिलकॉटचे पोलिसांच्या ताब्यात असताना काढलेले, डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा उग्र दिसणारे छायाचित्र पहिल्या पानावर छापले आणि त्याला ‘ब्रॉडवॉटर फार्मचा पशू’ म्हटले. पुढची कित्येक वर्षे त्या देशात ‘भीतीदायक काळा माणूस’ म्हणजे ते छायाचित्र, असे समीकरण होते. गोऱ्या आरोपींनाही वृत्तपत्रांनी पूर्वी राक्षस म्हटले आहे, पण त्यांच्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांकडे आणि भाऊबंदांकडे तसे पाहिले गेले नाही. येथे मात्र ते विशेषण एका माणसावरून सहज घसरून हजारो कुटुंबांवर जाऊन बसले.

ज्युरी निःपक्षपाती राहू शकत होती का?

बारा सामान्य नागरिकांनी पुरावा ऐकून निर्णय द्यावा, हे ज्युरी पद्धतीचे तत्त्व. पण ते बारा जण तीच वृत्तपत्रे वाचणारे, त्याच रस्त्यांवरून चालणारे असतात. आरोपीच्या समाजातील माणसे ज्युरीत असावीत असा हक्क इंग्लंडच्या कायद्यात नव्हता, आणि मुद्दाम बहुवांशिक ज्युरी नेमण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही, हे तेथील अपील न्यायालयाने १९८९ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केले.

या प्रश्नाचा जिव्हाळा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. खटला मराठी लेखांवरून होता आणि ज्युरीत मराठी मातृभाषेचा एकही जण नव्हता. ज्युरीत कोण बसतो यावर निकालाची विश्वासार्हता किती अवलंबून असते, हे आपल्याकडे तेव्हाच उघड झाले होते.

टॉटनमच्या खटल्यात मात्र ज्युरीला सारा दोष देणे मला पटत नाही. ज्युरीसमोर जे टिपण ठेवले गेले तेच संशयास्पद होते आणि सरकारी पक्षाने ते खरे म्हणून मांडले. सिलकॉटने वकिलांच्या सल्ल्याने साक्ष दिली नाही, कारण तो पिंजऱ्यात आला असता तर त्याच्यावरील दुसऱ्या गुन्ह्याची माहिती ज्युरीसमोर येण्याचा धोका होता. त्यामुळे त्या टिपणाला त्याच्या तोंडून उत्तर मिळाले नाही.

बर्नी ग्रँट यांच्या विधानामुळे तणाव वाढला का?

वाढला. गयानात जन्मलेले बर्नी ग्रँट तेव्हा टॉटनम ज्यात येते त्या हॅरिंगे नगर परिषदेचे नेते होते. पोलिसांना चांगलाच चोप मिळाला, असे वसाहतीतील तरुणांना वाटते, या आशयाचे विधान त्यांनी केले. आपण तरुणांची भावना सांगत होतो असा खुलासा त्यांनी नंतर केला, पण एका पोलिसाचा मृतदेह नुकताच उचलला गेला असताना ते शब्द उच्चारायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८७ मध्ये ते टॉटनममधून संसदेवर निवडून गेले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २००० पर्यंत, त्यांनी तेथील प्रतिनिधित्व केले.

शिक्षा रद्द कशी झाली?

पहिला प्रयत्न १९८८ मध्ये फसला आणि अपिलाची परवानगी नाकारली गेली. वसाहतीतील लोक, काही वकील आणि कैद्यांची कुटुंबे यांनी मोहीम चालू ठेवली, तर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने वकिलाविना घेतलेल्या कबुल्यांविषयी चिंता व्यक्त केली.

निर्णायक पुरावा विज्ञानाने दिला. कागदांच्या चळतीवर वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर अक्षरांचा दाब उमटतो, आणि डोळ्यांना न दिसणारे हे ठसे स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने वाचता येतात. सिलकॉटच्या चौकशीच्या मूळ टिपणांची अशी तपासणी केली असता, त्याला अडकवणारी वाक्ये असलेल्या पानाचा ठसा क्रमाने जेथे यायला हवा होता तेथे आला नाही. ते पान चौकशीच्या वेळी सलग लिहिलेले नव्हते, नंतर घातले गेले असावे, असा त्याचा अर्थ होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, आणि रघीप व ब्रेथवेट यांच्या शिक्षाही टिकल्या नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्मिंगहॅममधील बॉम्बस्फोटांसाठी सोळा वर्षे तुरुंगात काढलेले सहा आयरिश पुरुष निर्दोष ठरले होते. बर्मिंगहॅमसारख्या प्रकरणांमुळे ब्रिटिश सरकारला फौजदारी न्यायव्यवस्थेसाठी शाही आयोग नेमावा लागला आणि त्यातूनच चुकीच्या शिक्षांची पुनर्तपासणी करणारा स्वतंत्र आयोग १९९७ मध्ये काम करू लागला.

पोलिसांनी लिहिलेल्या टिपणावर अशी शिक्षा भारतात झाली असती का?

सर्वसाधारण कायद्याखाली नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. १८७२ चा तो कायदा ब्रिटिश राजवटीनेच केला होता. हिंदुस्थानातील पोलीस मारहाण करून कबुली घेतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास नको, असे ठरवणाऱ्या राज्यकर्त्यांनी आपल्या मायदेशातील पोलिसांसाठी तसा नियम केला नाही. या भेदामागे वर्णाविषयीचा जो समज होता, त्याची किंमत शंभर वर्षांनी लंडनमधल्याच तीन तरुणांनी चुकवली. अर्थात, महाराष्ट्रात १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या कलम १८ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली आहे, त्यामुळे आपल्यालाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही.

सिलकॉट दुसऱ्या खुनात दोषी होता, मग त्याच्याविषयी एवढी चर्चा कशासाठी?

डिसेंबर १९८४ मध्ये एका पार्टीत झालेल्या अँथनी स्मिथ यांच्या खुनाच्या आरोपात सिलकॉट दंगलीच्या वेळी जामिनावर होता, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याला त्यासाठी जन्मठेप झाली. आपण स्वसंरक्षणार्थ वार केला असे त्याचे म्हणणे होते. ती शिक्षा कायम राहिली आणि तो २००३ मध्ये सुटला. पण एका गुन्ह्यात दोषी असलेल्या माणसावर दुसरा गुन्हा पुराव्याविना लादता येत नाही. असे लादणे पोलिसांना सोयीचे वाटले, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणी उभे राहणार नाही, हा हिशेब सोपा होता.

संबंधित पोलीस अधिकाऱ्यांचे काय झाले?

मेल्विन यांच्यावर आणि टिपण घेणाऱ्या अधिकाऱ्यावर न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा खटला चालला आणि १९९४ मध्ये ओल्ड बेलीतील ज्युरीने दोघांचीही निर्दोष मुक्तता केली. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत आणि तसेच म्हटले पाहिजे. सिलकॉटला १९९९ मध्ये लंडन पोलिसांनी न्यायालयाबाहेरील तडजोडीत ५०,००० पौंड दिले, त्यावर पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या मोठ्या वर्गाने संताप व्यक्त केला.

२०१४ च्या खटल्यात काय घडले?

नव्याने केलेल्या तपासानंतर निकोलस जेकब्ज यांच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. दंगलीच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. सरकारी पक्षाची मदार टोपणनावांनी साक्ष देणाऱ्या साक्षीदारांवर होती. त्यांपैकी काहींनी आपण स्वतःही ब्लेकलॉक यांना लाथा मारल्याचे कबूल केले होते आणि त्या बदल्यात त्यांच्यावर खटला न भरण्याचे आश्वासन मिळालेले होते. एका साक्षीदाराने तर कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे आपल्याला वेगवेगळे ओळखता येत नाहीत, अशा अर्थाची कबुली उलटतपासणीत दिली. ज्या खटल्याचा सारा भार ओळख पटवण्यावर होता, त्यात हा साक्षीदार सरकारी पक्षाने उभा केला, यावरून तीस वर्षांत किती थोडे बदलले होते ते दिसते. ९ एप्रिल २०१४ रोजी ज्युरीने दहा विरुद्ध दोन अशा बहुमताने जेकब्ज यांना निर्दोष ठरवले.

या साऱ्या चर्चेत मृत पोलिसाचे दुःख मागे पडत नाही का?

पडते, आणि त्याची जबाबदारी प्रथम सदोष तपासावर आहे. चुकीच्या माणसांना तुरुंगात टाकले गेले त्या सहा वर्षांत खऱ्या हल्लेखोरांचा शोध थांबला, साक्षीदार पांगले, आठवणी पुसट झाल्या आणि पोलिसांना मदत करू शकली असती अशी वसाहतीतील माणसे कायमची दुरावली. शेजाऱ्याच्या तेरा वर्षांच्या मुलाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवलेले ज्यांनी ऐकले, ते पोलिसांकडे साक्ष द्यायला कशाला जातील? आरोपींच्या हक्कांची मागणी करणारे ब्लेकलॉक यांच्या विरोधात आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. वास्तविक त्या हक्कांचे पालन झाले असते, तर त्यांच्या पत्नीला आणि मुलांना न्याय मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक होती.

टॉटनममध्ये पुन्हा तसा तणाव निर्माण झाला का?

४ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा तरुण ठार झाला. तो ब्रॉडवॉटर फार्ममध्येच वाढलेला होता. दोन दिवसांनी टॉटनममध्ये पेटलेली दंगल इंग्लंडभर पसरली. मृत्यूच्या चौकशीतील ज्युरीने जानेवारी २०१४ मध्ये पोलिसांची कृती कायदेशीर ठरवली, म्हणजे जेकब्ज यांच्या निकालाच्या तीनच महिने आधी.

या खुनाचा खटला पुन्हा उभा राहू शकतो का?

कायद्याने शक्य आहे. इंग्लंडमध्ये खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही, आणि २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवरही, नवा आणि सबळ पुरावा मिळाल्यास, अपील न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा खटला चालवता येतो. मात्र शंका घेण्यास जागा न ठेवणारी ओळख, एखादे हत्यार किंवा विश्वासार्ह साक्षीदार यांपैकी काही हाती असावे लागेल. कीथ ब्लेकलॉक यांच्या खुनासाठी आजमितीस कोणावरही कायम राहिलेली दोषसिद्धी नाही.